क्रिमिनल जस्टिसची पदवी : कर्ज किती काढावं?

दिवेलागण
१२ एप्रिल २०२६, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. घरात दोन तट पडलेत आणि १ मेच्या आत कॉलेजला होकार कळवायचाय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. धाकटी लेक यंदा बारावी पूर्ण करतेय, तिला क्रिमिनल जस्टिस (पोलीस, कोर्ट, तुरुंग या व्यवस्थेचा अभ्यास) शिकायचंय. टीव्ही बघून डोक्यात घेतलेलं हे खूळ नाही. दहावीत तिच्या वर्गातला एक मुलगा चोरीच्या प्रकरणात सापडला, प्रकरण जुव्हेनाइल कोर्टात गेलं. त्याची प्रोबेशन ऑफिसर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणारी कोर्टाची अधिकारी) दर पंधरवड्याला शाळेत यायची आणि कॅफेटेरियाच्या कोपऱ्यात त्याच्याशी अर्धा-अर्धा तास बोलत बसायची. बाकी सगळ्यांनी त्या पोराशी बोलणं टाकलं होतं. तो शाळेत टिकला, यंदा लेकीबरोबरच पास होऊन बाहेर पडतोय. तेव्हापासून ती एकच सांगते, "आई, मला ते काम करायचंय."

आता पैशांचं. हातात दोन पत्रं आहेत. एक शेजारच्या राज्यातलं खाजगी कॉलेज : राहण्या-खाण्यासकट वर्षाला ६२,००० डॉलर, त्यात ३०,००० ग्रांट (परत करावी न लागणारी मदत), म्हणजे उरले ३२,०००. दुसरं आपल्याच राज्याचं विद्यापीठ : घरून ये-जा केली तर फी, पुस्तकं, गाडीचा खर्च धरून वर्षाला साधारण १७,५००. आमच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) ४८,००० साठलेत. त्यापलीकडे द्यायला फारसं नाही, मोठ्याचं शिक्षण नुकतंच संपलंय.

खाजगी कॉलेजच्या पत्रात शेवटी "तुम्हाला भरायची रक्कम : ०" असं लिहिलंय. दोन दिवस आम्ही सगळे आनंदात होतो. मग नवऱ्याने पत्र नीट वाचलं. त्या शून्यात "पेरेंट प्लस" नावाची ओळ धरलेली होती, आणि ते आमच्या नावावरचं कर्ज निघालं.

नवरा म्हणतो, या क्षेत्रात पगार बेताचे, कर्ज काढायचंच नाही. मला वाटतं, पोरगी पहिल्यांदा काहीतरी जीव तोडून मागतेय, तिला नाही कसं म्हणू? या क्षेत्रात कुणी आहे का इथे? पगार खरंच किती असतो, आणि किती कर्ज झेपतं?


तळटीप
१२ एप्रिल, रात्री ११:३५

ताई, मी एका कॉलेजच्या फायनान्शियल एड कार्यालयात काम करते (तुम्ही लिहिलंय ते कॉलेज नव्हे). ग्रांट आणि कर्ज एकाच रकान्यात टाकून खाली शून्य काढायचं, हा प्रकार इतका सर्रास चालतो की २०२२ मध्ये सरकारच्या जीएओने (सरकारी कारभार तपासणाऱ्या संस्थेने) त्यावर अहवाल काढला. खरा निव्वळ खर्च नीट न दाखवणारी कॉलेजं ९१ टक्के निघाली होती. त्यामुळे वाचण्यात तुमचं काही चुकलं असं समजू नका.

पत्र हातात घ्या आणि पेन्सिलीने तीन खुणा करा. परत द्यावं न लागणारं काय, मुलीच्या नावावरचं कर्ज काय, तुमच्या नावावरचं काय.

मुलीच्या नावावर सरकारी कर्जाला मर्यादा आहे : पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग दोन वर्षं ७,५००. चार वर्षांत पदवी झाली तर जास्तीत जास्त २७,०००. या शैक्षणिक वर्षाचा दर ६.३९ टक्के आहे, तुमच्या लेकीचा दर १ जुलैला नव्याने ठरेल. त्यातला काही भाग सबसिडाइज्ड मिळाला तर कॉलेजच्या काळातलं त्यावरचं व्याज सरकार भरतं.

पेरेंट प्लसची गोष्ट वेगळी. दर ८.९४ टक्के, वर कर्ज उचलतानाच चार टक्क्यांहून जास्त फी कापतात. पूर्वी कॉलेजचा उरलेला सगळा खर्च यातून उचलता यायचा. गेल्या जुलैत झालेल्या कायद्याने यंदाच्या १ जुलैपासून नवीन कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० अशी मर्यादा येतेय. हे गणित घरोघरी समजावून सांगावंसं वाटतं. दर वर्षी वीस-वीस हजार उचलले तर तीन वर्षांत साठ होतात आणि चौथ्या वर्षासाठी पाचच उरतात. पोर शेवटच्या वर्षाला आणि पैसे संपलेले! मग खाजगी बँकेच्या दारात जावं लागतं, तेही घाईत.

आणि ३०,००० च्या ग्रांटबद्दल कॉलेजला लेखी विचारा : चारही वर्षं मिळणार का, किती जीपीए (गुणांची सरासरी, ४ पैकी) राखायचा, आणि फी वाढली तर ग्रांट वाढते का. बहुतेक ठिकाणी ग्रांटचा आकडा गोठलेला असतो आणि फी दर वर्षी चढते.


कोकणकडा
१३ एप्रिल, सकाळी ७:०५

तळटीप यांच्या आकड्यांवरून हिशेब मांडतो. चूक असेल तर दाखवा.

खाजगी : ३२,००० गुणिले ४ म्हणजे १,२८,०००. त्यातून ४८,००० साठलेले वजा, राहिले ८०,०००. लेकीचं सरकारी कर्ज २७,०००. उरले ५३,००० तुमच्या नावावर.

राज्याचं : १७,५०० गुणिले ४ म्हणजे ७०,०००. साठलेले वजा जाता २२,०००. सगळं लेकीच्या सरकारी कर्जात बसतं, तुमच्या नावावर काही नाही.

आता हप्ते. २७,००० वर ६.३९ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण ३०५. तुमचे ५३,००० नव्या नियमाने वीस वर्षांच्या मुदतीत जातात. ८.९४ टक्क्यांनी महिना ४७५ च्या आसपास, आणि वीस वर्षांत एकूण भरणा सुमारे १,१४,०००. म्हणजे ५३ चे ११४. कॉलेजच्या चार वर्षांत चढणारं व्याज आणि फीवाढ मी यात धरलेलीच नाही.

पगारासाठी ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सचे मे २०२४ चे आकडे पाहिले. हे मीडियन आहेत, म्हणजे निम्मे लोक याच्या वर आणि निम्मे खाली. पोलीस व डिटेक्टिव्ह सुमारे ७७,०००. प्रोबेशन ऑफिसर सुमारे ६४,५००. तुरुंग अधिकारी ५८,००० च्या जवळपास. पॅरालीगल (वकिलांचे सहायक) ६१,०००. खाजगी डिटेक्टिव्ह ५२,०००. सिक्युरिटी गार्ड ३८,००० च्या आसपास. या यादीत सगळी वयं आली, वीस वर्षं काढलेलेही. नव्या मुलाला यातलं कितीतरी कमी मिळणार.


रानवारा
१३ एप्रिल, दुपारी १२:५०

ताई, मी तुमच्या जागी सात वर्षांपूर्वी होतो. मुलाला हाच विषय घ्यायचा होता, खाजगी कॉलेज, दुसरं राज्य. मला नाही म्हणवलं नाही. मी भारतातून दोन सुटकेस घेऊन आलो होतो, वाटलं, पोराला तरी हवं ते मिळू दे. पेरेंट प्लससाठी दर वर्षी नव्याने अर्ज भरून सही करायची असते. पहिल्या वर्षी मी तीनदा वाचून सही केली. दुसऱ्या वर्षी एकदा वाचली. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी फोनवरच बोट फिरवलं. ९४,००० झाले.

मुलगा गुणी आहे. पदवी झाली, पण ज्या पोलीस खात्यात जायचं होतं तिथली परीक्षा दीड वर्षाने निघाली. तोवर एका गोदामावर रात्रपाळीची सिक्युरिटी केली. त्या नोकरीला हायस्कूलचा दाखला पुरेसा होता. आता तो खात्यात आहे, पगार चांगला आहे. अकॅडमीत त्याच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं, कमी फीचं स्थानिक कॉलेज) करून आलेला. दोघांना एकच पगार, एकच गणवेश. मुलाने मला हे फोनवर सांगितलं आणि नंतर बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

कर्ज माझ्या नावावर आहे. मी ५८ वर्षांचा आहे. तो दर महिन्याला मला पैसे पाठवतो, मी सांगूनही थांबत नाही. सुरुवातीलाच आम्ही कागद पुढ्यात घेऊन बसायला हवं होतं, आणि तोही बसायला हवा होता.


शमी
१३ एप्रिल, रात्री ९:२०

मी प्रोबेशन ऑफिसर आहे. काउंटीत (म्हणजे जिल्ह्याच्या सेवेत), बारावं वर्ष चालू आहे. आज दिवसभर कोर्टात होते म्हणून आता लिहितेय.

ताई, तुमच्या लेकीने त्या बाईंना कॅफेटेरियात बसलेलं पाहिलं हे वाचून बरं वाटलं. ते काम असंच दिसतं. बाकीचं दिसत नाही ते सांगते. एका वेळी साठ-सत्तर माणसं माझ्याकडे. सोमवारी कोर्ट. लघवीच्या चाचण्या, घोट्याला बांधलेल्या पट्ट्याचे अलार्म, नोकरी लागलेल्याच्या मालकाला फोन. आणि लिखाण. न्यायाधीश शिक्षा ठरवण्याआधी आम्ही अहवाल देतो : माणसाचं बालपण, व्यसन, घर, याआधीचे गुन्हे. पानंच्या पानं. त्यातल्या एका वाक्यावर कुणाचं तरी वर्षभराचं आयुष्य ठरतं. मला पदवीचा खरा उपयोग कुठे झाला विचाराल तर इथे. लिहायला शिकले.

प्रोबेशनला बहुतेक ठिकाणी पदवी लागतेच. पोलिसांत अजूनही बऱ्याच खात्यांना हायस्कूल पुरतं, काहींना थोडे कॉलेजचे क्रेडिट. म्हणून "या पदवीचा पगार" असं काही नसतं. पगार दाराचा असतो. परीक्षा, अकॅडमी, मुलाखत, तपासणी या दारातून आत गेलात की त्या दाराचा पगार. पदवी कुठून घेतली याने त्यात एक डॉलर वाढत नाही. माझ्या कार्यालयात आम्ही सगळे पगाराच्या एकाच तक्त्यावर आहोत. मी राज्याच्या विद्यापीठातली, समोरच्या टेबलावरची नामांकित खाजगी कॉलेजातली. तिचा आणि माझा पगार तुम्ही काउंटीच्या वेबसाइटवर पाहू शकता.

मी २०१४ ला लागले तेव्हा ४१,००० होता. आज ६८,००० आहे. कर्ज होतं २४,०००.

आता कर्जमाफी, कारण कुणीतरी सांगेलच की सरकारी नोकरी आहे, माफ होईल. पीएसएलएफ, म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, २००७ पासून आहे. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्ण वेळ काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं माफ. मला मिळालं, गेल्या वर्षी, सोळा हजारांच्या आसपास. पण सुरुवातीची तीन वर्षं मी ग्रॅज्युएटेड प्लॅनवर (हप्ता लहान सुरू होऊन वाढत जातो तो) होते, कारण सर्व्हिसरच्या (हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीच्या) फोनवरच्या माणसाने हप्ता लहान पडेल म्हणून तोच सुचवला. त्या प्लॅनचे हप्ते पीएसएलएफमध्ये धरत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २०२१-२२ मध्ये सरकारने काही काळ नियम सैल केले तेव्हा ते महिने मोजले गेले. ती सवलत आली नसती तर आजही हप्ता भरत असते. तेव्हा लेकीला पहिल्या दिवसापासून दर वर्षी नोकरीचं प्रमाणपत्र भरायला लावा. कागद जपायला लावा.

आणखी दोन गोष्टी. खाजगी कंपनी चालवते त्या तुरुंगातली नोकरी पीएसएलएफला चालत नाही, काम तेच असलं तरी. आणि पेरेंट प्लसमध्ये नोकरी बघतात ती आईबापाची, मुलाची नाही. तुमची लेक पंचवीस वर्षं सरकारी सेवा करेल, त्याने तुमच्या ५३,००० तला एक पैसा कमी व्हायचा नाही.


तळटीप
१३ एप्रिल, रात्री ९:५५

शमी, शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. त्यात भर : १ जुलै २०२६ नंतरचं नवं पेरेंट प्लस उत्पन्नावर आधारित हप्त्यात बसतच नाही, आणि पीएसएलएफ मुख्यतः तसेच हप्ते धरतं, त्यामुळे पालक स्वतः सरकारी नोकरीत असले तरी पीएसएलएफची वाट जवळजवळ बंद.

मुलांसाठी नवी योजना येतेय, रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन, रॅप. वर्षाचं उत्पन्न ४० ते ५० हजारांत असेल तर त्याच्या चार टक्के, ५० ते ६० हजारांत पाच टक्के, असं चढत जातं. म्हणजे ४८,००० वर महिना १६० डॉलर. हे हप्ते पीएसएलएफला धरतात. पण २७,००० च्या कर्जाला पीएसएलएफचा फार मोठा फायदा होणार नाही. पगार वाढला की हप्ता वाढतो आणि दहा वर्षांत बरंचसं फेडूनच होतं. मोठी माफी मोठ्या कर्जाला मिळते. म्हणून "माफ होईल" या भरवशावर कर्ज फुगवू नये. नियम किती वेळा बदलले ते माझ्या टेबलावरून रोज दिसतं.


पाखरू
१४ एप्रिल, सकाळी ८:१५

मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही अजून एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर), मुलगा एच-४ वर (कुटुंबीयांच्या व्हिसावर), दहावीत आहे. त्यालाही असंच काही करायचं म्हणतोय. त्याला हे सरकारी कर्ज मिळेल का?


तळटीप
१४ एप्रिल, सकाळी ८:४०

नाही. सरकारी कर्जाला साधारणपणे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. त्यासाठी फाफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरून उपयोग नाही.


शमी
१४ एप्रिल, सकाळी ९:०२

आणि पाखरू, कर्जापेक्षा मोठा प्रश्न नोकरीचा. एफबीआय आणि केंद्राच्या बाकीच्या तपास यंत्रणांना नागरिकच लागतात. पोलिसांत राज्याराज्यांचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून नागरिकत्वाची अट काढली, पण कामाची कायदेशीर परवानगी लागतेच. मुलाला आत्ताच, दहावीतच, खरं काय ते सांगा. त्याला सोशल वर्क, मानसशास्त्र, डेटा अशा वाटा मोकळ्या ठेवायला सांगा. पदवी झाल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत.


ध्रुवतारा
१४ एप्रिल, दुपारी १:३०

मला थोडं वेगळं मांडायचंय. सगळे हप्त्यांवर आलात. माझी भाची छोट्या खाजगी कॉलेजात याच विषयात शिकली. वर्गात अठरा मुलं. एक प्राध्यापक माजी सरकारी वकील. त्यांनी तिला डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या (मुख्य सरकारी वकिलाच्या) कार्यालयात इंटर्न म्हणून लावलं, तिथून ती पीडितांना मदत करणाऱ्या विभागात कायम झाली. मोठ्या विद्यापीठात दोनशेच्या वर्गात तिचं नाव तरी कुणाला कळलं असतं का? ती लाजरी होती, आज कोर्टात उभी राहून बोलते. हे कोणत्या तक्त्यात मांडणार? मुलगी मनापासून मागतेय तर आईने मागे उभं राहावं असं मला वाटतं.


शमी
१४ एप्रिल, रात्री ८:४५

ध्रुवतारा, भाचीबद्दल वाचून आनंद झाला. पीडितांबरोबर काम करणारी माणसं कमी आहेत आणि ती टिकतही नाहीत. प्राध्यापकाची ओळख त्या कार्यालयात उपयोगी पडते हेही खरं.

पण प्रोबेशन आणि पोलीस यांची भरती बऱ्याच राज्यांत सिव्हिल सर्व्हिस परीक्षेने होते. गुणांची यादी लागते, वरून बोलावतात. कुणाचा फोन त्या यादीतला क्रमांक हलवू शकत नाही. इंटर्नशिपला वजन आहे, पण जिथे नोकरी करायची त्या काउंटीतल्या. तिथले न्यायाधीश, तिथली व्यसनमुक्ती केंद्रं, तिथल्या बसचे मार्गसुद्धा. (हसू नका. माझ्या निम्म्या माणसांकडे गाडी नाही. कोण कुठल्या बसने वेळेवर येऊ शकतं हे मला माहीत असावं लागतं, नाहीतर न आल्याबद्दल मी त्याला उगाच कोर्टासमोर उभं करेन.) दुसऱ्या राज्यात चार वर्षं इंटर्नशिप केली तर तिथलं सगळं शिकून परत येते आणि इथलं काहीच माहीत नसतं.

ताई, लेकीला नेमकं मुलांबरोबरचं प्रोबेशन हवंय ना? मग तिला विचारा, मुख्य विषय मानसशास्त्र किंवा सोशल वर्क आणि जोडीला क्रिमिनल जस्टिस घेतलं तर? आमच्याकडे भरतीत यातलं काहीही चालतं. उद्या हे क्षेत्र नको झालं, आणि पाच वर्षांत बऱ्याच जणांना नको होतं, तर दुसरी वाट असते. नुसत्या क्रिमिनल जस्टिसवर ती वाट अरुंद आहे. तसंच ज्यांना फॉरेन्सिक लॅब हवी असते त्यांनी रसायनशास्त्र, जीवशास्त्रच घ्यावं. डीएनए तपासणाऱ्याला बायोकेमिस्ट्री आणि जेनेटिक्स झालेलं असावंच लागतं. पदवीच्या नावात "क्रिमिनल" आहे म्हणून लॅबचं दार उघडत नाही.

आणि लेक स्पॅनिश शिकलीय का? दोन भाषा बोलणारा अधिकारी आम्हाला कायम हवा असतो.


अण्णा_शिकागो
१५ एप्रिल, सकाळी ६:३०

मी या देशात १९७९ ला आलो. हा धागा वाचून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटली, कारण या पदवीचा जन्मच कर्जातून झालाय म्हटलं तरी चालेल.

१९६८ च्या ऑम्निबस क्राइम कंट्रोल कायद्याने सरकारने लॉ एन्फोर्समेंट एज्युकेशन प्रोग्रॅम काढला, लघुनाम लीप. पोलीस शिकलेले असावेत हा हेतू. विद्यार्थ्याला कर्ज द्यायचे आणि तो पोलिसांत, तुरुंग खात्यात, कोर्टात नोकरीला लागला की सेवेच्या दर वर्षामागे चौथा हिस्सा माफ. चार वर्षं सेवा, कर्ज शून्य. या पैशावर देशभर कॉलेजांनी क्रिमिनल जस्टिसचे विभाग उघडले. तो कार्यक्रम पुढे बंद पडला. नंतर पर्किन्स कर्जातही (गरजू विद्यार्थ्यांसाठीचं एक सरकारी कर्ज) पोलीस आणि तुरुंग कर्मचाऱ्यांना पाच वर्षांत संपूर्ण माफी होती, पण पर्किन्सचं नवं कर्जही २०१७ पासून मिळत नाही. विभाग राहिले, फी वाढत गेली, सेवेबरोबर आपोआप फिटणारं कर्ज तेवढं गेलं.

याचा फायदा उठवणारेही निघाले. मिनेसोटात पोलीस व्हायला मान्यताप्राप्त कार्यक्रमातली किमान दोन वर्षांची पदवी लागते. तिथे ग्लोब युनिव्हर्सिटी आणि मिनेसोटा स्कूल ऑफ बिझनेस यांनी पोलीस किंवा प्रोबेशन ऑफिसर होता येईल असं सांगून क्रिमिनल जस्टिसला मुलं भरली. त्या पदवीवर तिथे ते होता येत नव्हतं. राज्याच्या अॅटर्नी जनरलने खटला भरला आणि २०१६ मध्ये कोर्टाने ही ग्राहकांची फसवणूक ठरवली. पोरांचे पैसे आणि वर्षं दोन्ही गेली. म्हणून कोणतंही कॉलेज असो, लेकीने ज्या खात्यात जायचं त्या खात्याला आधी विचारावं की ही पदवी तुम्हाला चालते का. कॉलेजला नंतर.


कोकणकडा
१५ एप्रिल, सकाळी ७:४०

अण्णा, हे माहीत नव्हतं. आभार.

मी एक गोष्ट जोडतो. एफबीआयच्या भरतीच्या नियमांत थेट अपात्र ठरवणाऱ्या गोष्टींत सरकारी विद्यार्थी कर्ज बुडवणं आहे, गंभीर गुन्ह्याच्याच यादीत. सरकारी कर्जाचा हप्ता २७० दिवस थकला की ते बुडीत धरतात. पोलीस खात्याच्या तपासणीतही क्रेडिट रिपोर्ट काढतात, कारण पैशाने अडलेला माणूस लाचेला वश होऊ शकतो असं धरलं जातं. इंजिनियरचं कर्ज थकलं तर त्याची नोकरी जात नाही. इथे कर्जच त्या नोकरीचं दार बंद करू शकतं. म्हणून या क्षेत्रात मी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त कर्ज नको म्हणेन. हा माझा स्वतःचा अंदाज आहे, नियम नाही.


शमी
१५ एप्रिल, दुपारी १२:१०

+१. आमच्याकडेही क्रेडिट पाहिलं. माझ्या तुकडीतल्या एकाला थकलेल्या हप्त्यांचा खुलासा लिहून द्यावा लागला. त्याने फेडायचा करार दाखवला, तेव्हा घेतलं.


दिवेलागण
१९ एप्रिल, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर लिहिलं नाही, कारण घरात हेच चाललं होतं.

रानवारा, तुमचं वाचून मी त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. लेकीच्या हातात पेन्सिल दिली आणि तळटीप यांच्या तीन खुणा तिलाच करायला लावल्या. तिला पेरेंट प्लस म्हणजे आमचं कर्ज हे माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, तीही एक शिष्यवृत्ती आहे. ४७५ गुणिले २४० तिने फोनवर केलं आणि फोन उलटा ठेवला. मग म्हणाली, "बाबा तेव्हा किती वर्षांचे असतील?" नवऱ्याने वय सांगितलं. पुढे कुणी काही बोललं नाही.

तळटीप यांनी सांगितलं तसं खाजगी कॉलेजला लिहिलं. ग्रांट चारही वर्षं आहे, पण आकडा तोच राहणार आणि जीपीए ३.० च्या खाली गेला तर निम्मी. आम्ही पुनर्विचाराची विनंती केली, मोठ्याच्या शिक्षणाचा खर्च आणि नवऱ्याच्या कंपनीतली पगारकपात कागदासह दाखवली. शुक्रवारी उत्तर आलं, वर्षाला ४,००० वाढवले. चांगल्या मनाने वाढवले असतील. तरीही आमच्या नावावर ३७,००० राहतात.

ध्रुवतारा, तुमचा मुद्दा मी तिच्यापुढे मुद्दाम ठेवला, कारण माझंही मन तिकडेच होतं. ती म्हणाली, "आई, मी लाजरी नाहीये." ते खरंच आहे.

तिने स्वतः दोन कामं केली. आपल्या काउंटीच्या प्रोबेशन कार्यालयात फोन करून भरतीला काय लागतं ते विचारलं. आणि राज्याच्या विद्यापीठात मानसशास्त्र मुख्य, क्रिमिनल जस्टिस मायनर (जोडविषय) घेता येतं का ते पाहिलं. येतं. स्पॅनिश तिची शाळेत चार वर्षं झालीय, ती पुढे चालू ठेवणार. नवऱ्याने आधी कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षंही सुचवली, न्यू जर्सीत तिथली पदवी पूर्ण केली की तिचे क्रेडिट राज्याच्या विद्यापीठात धरतात म्हणून. त्यावर ती थोडी हिरमुसली, आणि २२,००० तिच्या मर्यादेत बसत असल्याने आम्ही तो आग्रह सोडला. तिचं म्हणणं, ते कर्ज तिचं, हप्ता तिच्या पगारातून जाणार, आम्ही हात लावायचा नाही. बघू.

खाजगी कॉलेजला नकाराचं पत्र काल तिनेच लिहिलं. माझ्याकडून एक शब्द तपासून घेतला नाही. पाठवल्यावर वर खोलीत गेली आणि त्या कॉलेजचा भेटीच्या दिवशी आणलेला स्वेटशर्ट घडी करून माझ्या कपाटात ठेवून आली. मी अजून तो हलवलेला नाही.

शमी, एक विनंती. तिच्या वहीत तुझ्यासाठी दीड पान प्रश्न तयार आहेत. पहिलाच आहे, "घरभेटीला गेल्यावर दार उघडलंच नाही तर काय करता?" तुला चालणार असेल तर ती तुझ्याशी बोलू शकेल का?


रानवारा
१९ एप्रिल, रात्री १०:०५

ताई, फार बरं वाटलं. लेकीला माझे आशीर्वाद सांगा.


शमी
१९ एप्रिल, रात्री १०:४०

चालेल म्हणजे काय! व्यनित (खाजगी निरोपात) माझा नंबर पाठवलाय. संध्याकाळी सातनंतर कधीही, सोमवार सोडून. दार न उघडण्याचं उत्तर मोठं आहे, तिला सांग निवांत वेळ काढून फोन कर.